भागीदारी आणि अंगचा उद्योग

जालना हें बियाण्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांतील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु कंपनी कशानें वाढते, याचा विचार थोडेच करतात. कोणी म्हणतात, बलाढ्य कंपनीशीं हातमिळवणी केली कीं भाग्य उघडलें. कोणी म्हणतात, चालत्या धंद्याच्या पोटीं नवा उद्योग काढण्याचें धाडस हवें. या दोन्ही मतांची परीक्षा पाहण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं.

कै. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यांत महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. त्या काळीं ज्वारी-बाजरीच्या संकरित जाती सरकारी संशोधनांतून निघत. पण खात्रीचें बियाणें शेतकऱ्याच्या दारीं पोंचविण्याचें काम कोणी तरी अंगावर घेणें जरूर होतें. कंपनीनें तें घेतलें व शेतकऱ्यांकडूनच करारानें बीं तयार करविलें. माझ्या मतें हीच या धंद्यांतील मूळ भागीदारी होय. संकरित कापसाचें बीं म्हणजे हातचें काम: उद्यां उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर सायंकाळीं काढून टाकावयाचे, आणि सकाळीं नर जातीच्या फुलाचे पराग तिच्यावर लावावयाचे, असें एकेक फूल! अशा बियाण्याच्या पिकांतलें सरकीचें बीं पुन्हां पेरलें तर गुण टिकत नाहींत. म्हणून शेतकऱ्यास दरवर्षीं नवें बियाणें घ्यावें लागतें. कंपनीच्या उत्पन्नाचें मर्म यांतच आहे.

पुढें बोंडअळीचा प्रश्न आला. अळीस मारक असें जनुक अमेरिकेंतील मोन्सँटो कंपनीपाशीं होतें, परंतु तें कोकर ३१२ या तिकडच्या कापसाच्या जातींत होतें व ती जात आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नव्हती. महिकोपाशीं जनुक नव्हतें, पण येथील मातींत रुळलेले संकर, बीं पिकविणारे शेतकरी आणि विक्रेते होते. तें जनुक पिढ्यान्‌पिढ्या संकर करून आपल्या जातींत उतरविण्यांत कांहीं वर्षें गेलीं. १९९८ सालीं मोन्सँटोनें महिकोचे २६ टक्के भाग घेतले, आणि दोघींनीं निम्म्या-निम्म्या भागानें तिसरी कंपनी काढली. त्याच वर्षीं बारवाले यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ च्या मार्चमध्यें सरकारनें महिकोच्या तीन बीटी संकरांस परवानगी दिली.

आतां या भागीदारीचें फळ कोणास किती मिळालें तें पाहूं. नव्या कंपनीनें हें जनुक इतर बियाणें-कंपन्यांसही शुल्क घेऊन दिलें. शुल्काची मिळकत वाढली. परंतु बाजारांत रासी, नुझिवीडू या दक्षिणेकडील कंपन्यांचे संकर शेतकऱ्यांच्या अधिक पसंतीस उतरले. जनुक सर्वांचें एकच. फरक पडला तो ज्याच्या त्याच्या संकरामुळें. भागीदारींतून मिळालेली वस्तु प्रतिस्पर्ध्यासही मिळूं शकते, घरीं केलेलें संशोधन तसें मिळत नाहीं, हें व्यापाराचें शिक्षण घेणाऱ्या मुलांनीं नीट ध्यानांत घ्यावें.

शिवाय शुल्कावरची मिळकत दुसऱ्यांच्या हातीं असते. आरंभीं ४५० ग्रॅमच्या पाकिटास १६०० रुपयांहून अधिक पडत. आंध्र सरकारनें तक्रार केल्यावर २००६ सालीं तें ७५० वर आलें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें जनुकाचें शुल्क पाकिटामागें १६३ रुपयांवरून ४९ वर आणलें, व २०२० सालीं तें अजीबात काढून टाकलें. मध्यंतरीं गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली. २०१७ सालचा हंगाम मराठवाड्यांतील पालक विसरले नसतील. २०१८ सालीं तर मोन्सँटोच बायर या जर्मन कंपनीच्या पोटांत गेली.

जें हातीं राहिलें तें शिकलेलें कसब. जनुक उतरविण्याची विद्या महिकोनें वांग्यावरही चालविली. फळें पोखरणाऱ्या अळीस दाद न देणाऱ्या त्या वांग्यास २०१० च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें स्थगिती दिली. पण तेंच कसब बांगलादेशाच्या सरकारी कृषि-संशोधन संस्थेच्या भागीदारींत उपयोगीं पडलें. तेथें २०१३ सालीं परवानगी मिळाली, आणि तेथील शेतकरी तें वांगें आज पिकवितात. ज्या जिल्ह्यांत महिकोची कंपनी जन्मास आली, तेथील मळ्यांत मात्र तें लावतां येत नाहीं.