शिंपल्याकडून शिकलेले बांधकाम

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लग्नाचे एक वेळ बाजूला ठेवू. घर बांधणाऱ्याला मात्र त्या अनुभवाचे मोल आज वीस-पंचवीस वर्षे हप्त्यांच्या रूपाने मोजावे लागते. गृहकर्जासाठी शाखेत येणारा ग्राहक व्याजाचा दर, मुदत, हप्ता, प्रक्रिया शुल्क यांची बारकाईने चौकशी करतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पदार्थांनी हे घर उभे राहणार, ते किती काळ टिकतील आणि ते निर्माण करताना निसर्गाकडून किती उसनवारी घ्यावी लागली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शेवटचा हप्ता भरण्याच्या सुमारास स्लॅबचे पोपडे निघू लागले म्हणजे तो प्रश्न आपोआप समोर येतो.

सिमेंटचा मूळ घटक चुनखडी. ही चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले जाते. भट्टी पेटवण्यासाठी कोळसा लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे सर्वांना माहीत असते. त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून निघतो, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भाजली की तिच्यात कोट्यवधी वर्षे बंदिस्त असलेला वायू मुक्त होतो. त्यामुळे उद्या सर्व भट्ट्या सौरऊर्जेवर चालवल्या, तरी सिमेंटच्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक भाग तसाच राहील. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे आणि सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आपल्या देशात अजून कोट्यवधी घरे बांधायची आहेत, आणि ती बांधू नयेत असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच ती कशाने बांधायची, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

आता समुद्रकिनाऱ्यावरील एखादा शिंपला हाती घेऊन पाहावा. तोही कॅल्शियम कार्बोनेटचाच. पण तो घडवणाऱ्या जीवाजवळ ना भट्टी, ना कोळसा. समुद्राच्या साध्या पाण्यातील क्षार घेऊन, त्याच पाण्याच्या तापमानात, तो आपले घर बांधतो. शिंपल्याच्या आतील चकचकीत थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अर्ध्या मायक्रॉनइतक्या जाडीच्या चकत्या एकमेकींवर सांधे चुकवून रचलेल्या दिसतात. कुशल गवंडी विटांचे थर रचतो अगदी तसे. वजनाने सुमारे ९५ टक्के भाग खनिजाचा आणि उरलेला प्रथिनांचा. हे प्रथिनांचे पातळ लेप चकत्यांमध्ये बसून धक्का शोषतात, त्यामुळे गेलेला तडा सरळ पुढे न जाता वळणे घेत जिरून जातो. नुसते खनिज खडूसारखे ठिसूळ असते. शिंपला मात्र दगडावर आपटला तरी सहजी फुटत नाही.

शिंपल्याशी आपला परिचय जुना आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या आजही पाहावयास मिळतात. किनारपट्टीवर शिंपले भाजून चुना करण्याची रीत होती, तर तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात शिंपल्यांचा चुना आणि अंड्यातील पांढरा बलक वापरून आरशासारखा गुळगुळीत गिलावा केला जाई. आपल्या गडकोटांवर जी चुन्याची घाणी दिसते, तीत चुना आणि वाळू बैलांकडून मळून घेत. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ त्यात मिसळत. चुन्यालाही भट्टी लागतेच. पण ती सुमारे ९०० अंशांची. शिवाय भिंतीत बसलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा दगड बनतो. भट्टीत चुनखडीने जे गमावले, त्यातील बराचसा भाग ती वर्षानुवर्षे परत घेत राहते. अर्थात इंधनाचा धूर काही परत येत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. गंमत अशी की, ज्या क्रियेने चुना बळकट होतो, तीच क्रिया काँक्रीटमध्ये घडली की आतील सळ्यांचे अल्कलीचे संरक्षक कवच नाहीसे होते आणि त्या गंजू लागतात.

गंज ही काँक्रीटची खरी व्याधी होय. केसाएवढा तडा पडतो, त्यातून पावसाचे पाणी शिरते, किनाऱ्याजवळ असेल तर खारी हवाही शिरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने आवरण फुटते, तडा रुंदावतो आणि आणखी पाणी आत येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत गळती आणि दुरुस्ती निधी यांवरून जे वाद रंगतात, त्यांचे मूळ बहुधा याच केसाएवढ्या तड्यात असते.

नेदरलँड्‌समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी या व्याधीवर शिंपल्याच्या मार्गाने उपाय शोधला. क्षारयुक्त परिस्थितीत जगणाऱ्या बॅसिलस जातीच्या जीवाणूंची बीजे आणि त्यांचे खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट त्यांनी काँक्रीटमध्ये मिसळले. तडा पडेपर्यंत ही बीजे निद्रिस्त राहतात. पाणी आत आले की ती जागी होतात, खाद्य पचवतात आणि त्यातून तयार झालेल्या चुनखडीने तडा भरून निघतो. सुमारे ०.८ मिलिमीटर रुंदीपर्यंतचे तडे असे बुजल्याचे त्यांच्या प्रयोगांत दिसले. २०१५ साली युरोपीय संशोधक पुरस्काराच्या अंतिम यादीत त्यांचे नाव होते. मात्र या काँक्रीटमध्ये सिमेंट लागतेच आणि खर्चही बराच वाढतो. लाभ आहे तो आयुष्य वाढण्याचा. शंभर वर्षे टिकायला हवा अशा बोगद्याला, जलाशयाला तो हिशेब परवडेल. दोन खोल्यांच्या घराला आज तरी परवडणार नाही.

याच तत्त्वावर जीवाणूंकडून वीट घडवण्याचेही प्रयोग झाले आहेत. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘इस्रो’च्या सहकार्याने २०२० साली चंद्रावरील मातीसारखी माती, युरिया, गवारीचा डिंक आणि जीवाणू यांपासून न भाजता विटा तयार केल्या. चंद्रावर ही युक्ती मोलाची ठरेल. पृथ्वीवर मात्र एक अडचण आहे. हे जीवाणू युरियाचे विघटन करताना अमोनिया सोडतात आणि युरिया तर नैसर्गिक वायूपासून बनतो. शेतकऱ्याला अनुदानावर दिला जाणारा युरिया विटांकडे वळवणे कितपत शहाणपणाचे, हा विचार आपल्या देशाला करावाच लागेल. निसर्गाचे अनुकरण केले म्हणजे पदार्थ आपोआप निसर्गस्नेही होतो, असे नाही. कमळाच्या पानाचेच पाहा. त्यावर पाणी का ठरत नाही, याचे रहस्य जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी उलगडले आणि १९९९ साली त्यावर आधारित भिंतीचा रंगही बाजारात आला. परंतु त्याच पानाची नक्कल करणारे कित्येक लेप फ्लोरिनयुक्त रसायनांपासून केले जातात आणि ती रसायने मातीत वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत.

त्यामानाने जुन्या बांधकामाकडून घेतलेला धडा अधिक फलदायी ठरला आहे. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट सळईविना जवळजवळ १,९०० वर्षे उभा आहे. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. त्यांच्या काँक्रीटमधील चुन्याचे पांढरे खडे निष्काळजी मिश्रणाचे नसून तडे भरून काढणारे साठे असावेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. आपल्याकडे राखेचे काम भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, करीत असे. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना आणि सुरखी यांच्याच बांधणीचे आहे.

या सुरखीचे नातवंड म्हणावे असे सिमेंट आता तयार झाले आहे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संस्था, त्यांत दिल्ली व मद्रास येथील आयआयटी, यांनी ते विकसित केले. त्यात नेहमीचे भाजलेले क्लिंकर निम्मेच असते. सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि उरलेले जिप्सम. माती सुमारे ८०० अंशांना भाजून भागते आणि एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. २०२३ साली या सिमेंटला आयएस १८१८९ हा भारतीय मानक क्रमांक मिळाला. बँकेच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. मूल्यांकनकर्त्याला इमारतीचे उर्वरित आयुष्य नमूद करावयाचे असते. मानक क्रमांक नसलेल्या पदार्थाविषयी तो हात आखडता घेणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? जनगणनेच्या वर्गीकरणातही मातीची किंवा बांबूची भिंत ‘तात्पुरत्या’ सदरातच पडत आली आहे. रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची चौकट २०२३ साली आखली आणि अशा ठेवींचा पैसा जेथे वापरता येतो त्या क्षेत्रांत हरित इमारतींचा समावेश केला. परंतु चिकणमातीच्या सिमेंटचे पोते गावच्या दुकानात मिळू लागेल, तेव्हाच हे सारे घर बांधणाऱ्यापर्यंत पोहोचेल.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती काहीच नाही असे नाही. पोत्यावर ‘पीपीसी’ लिहिलेल्या सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के औष्णिक वीज केंद्रातील राख असू शकते. ही रोमन रीतच. आणि ज्यांचे गावाकडील घर जुन्या चुन्याच्या बांधणीचे आहे, त्यांनी दुरुस्ती कर्जासाठी अंदाजपत्रक करून घेताना कंत्राटदाराने त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा धरला आहे का, ते अवश्य पाहावे. सिमेंटच्या थरामागे ओल कोंडते आणि मूळ भिंत आतून भुसभुशीत होते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा. फक्त कळीचा चुना विरवून चांगला मुरण्यास काही आठवडे जावे लागतात; काम उन्हाळ्यात काढायचे असेल, तर चुना थंडीतच भिजत घालावा लागतो.