हळद उमटते, क्विंटल मोडतो

समजा, वसमतच्या एखाद्या अडत दुकानासाठी हळदीची पट्टी काढणारं सॉफ्टवेअर करायचं आहे. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती पडणारी रक्कम. काम एवढंच. पण खिडक्या, बटणं आणि रकाने ज्याच्या जोरावर उभे राहतात ते टूलकिट निवडताना ऐकीव गोष्टीच फार चालतात.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘युनिकोड चालतं ना, मग मराठी चालणारच’. युनिकोड फक्त अक्षरं साठवतं. वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसं घडवायचं, रफार कुठे चढवायचा, हे काम आकार देणाऱ्या वेगळ्या इंजिनाचं. क्यूटी आणि जीटीके ही टूलकिटं त्यासाठी हार्फबझ हे इंजिन वापरतात. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझरही तेच वापरतात. पायथनसोबत फुकट येणाऱ्या टीकेइंटरमागचं टीके 8.6 मात्र लिनक्सवर अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतं.

गंमत अशी की तिथेही ‘वसमत’ आणि ‘हळद’ अगदी बिनचूक उमटतात. दोन्ही शब्दांत ना काना, ना मात्रा, ना जोडाक्षर. नमुना पाहणारा खूश! मग ‘क्विंटल’ येतो: ‘क’चा पाय मोडका दिसतो आणि ‘क्व’च्या डावीकडची वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. ‘शेतकऱ्याचे’ तर विचारायलाच नको. म्हणून टूलकिट पारखायचं ते असल्या शब्दांवर, आणि गिऱ्हाइकाच्याच संगणकावर.

दुसरा समज: क्यूटी विकतच घ्यावं लागतं. 2009 मध्ये आलेल्या 4.5 आवृत्तीपासून ते एलजीपीएल परवान्याखालीही मिळतं. अटी पाळल्या तर स्वतःचा कोड खुला न करता सॉफ्टवेअर विकता येतं. क्यूटीचे काही भाग मात्र फक्त कोड खुला करायला लावणाऱ्या जीपीएलखाली किंवा पैसे देऊन मिळतात, तेवढं तपासावं. पायथनवाल्यांची इथे हमखास गल्लत होते. पायक्यूटीला जीपीएल किंवा विकतचा परवाना लागतो, पायसाइडला एलजीपीएल पुरतो. दोन्ही एकाच क्यूटीवर बेतलेले, पण कागदपत्रं वेगळी.

‘व्हिज्युअल बेसिक 6 मेलं’ हेही अर्धंच खरं. 1998 च्या या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये काढून घेतला, तरी त्यात बनलेली सॉफ्टवेअरं आजच्या विंडोजवर चालतात. खरी अडचण मराठीची आहे. त्याच्या मूळ चौकटींना युनिकोड कळत नाही, म्हणून मराठी अक्षरांचा साज चढवलेले जुने फाँट वापरून वेळ मारून नेली गेली. फाँट काढला की शेतकऱ्याच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा काला. असा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना आधी रूपांतर करावं लागतं, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात बहुधा धरलेलाच नसतो.

इलेक्ट्रॉन हे टूलकिट जड असतं, हे मात्र खरं: त्यात बनलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःचा अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत बाळगतं. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. व्हीएस कोड हा कोड-संपादक त्यावरच बनलाय आणि त्यात मराठीही नीट उमटते. पण दुकानातल्या जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर ते भारी पडेल.

छपाई सगळ्यांच्या शेवटी आठवते. पट्टी शेतकऱ्याच्या हातात कागदावरच पडायची असते, आणि टीके 8.6 मध्ये छपाईची स्वतःची सोयच नाही. क्यूटी, जीटीके आणि डब्ल्यूएक्सविजेट्स या टूलकिटांमध्ये ती आहे.