भोकं तीन, वायर दोन!

टेबल चकाचक, लाइटिंग जबरदस्त, फोटोला लाइक्सचा पाऊस. पण आपल्याकडे सेटअपची खरी परीक्षा टेबलावर नाही, टेबलाखाली होते.

रात्रीचे अकरा. खोलीतली ट्यूब बंद. मॉनिटरमागची एलईडी पट्टी जांभळी झालीय, कीबोर्ड खालून चमकतोय, सीपीयूच्या काचेआड रंगीत पंखे फिरताहेत. दोन बाजूंना दोन स्पीकर, स्टँडवर हेडफोन, कोपऱ्यात मनी प्लांट. तुम्ही खुर्चीवर उभं राहून फोटो काढता, चार फिल्टर लावून बघता आणि शेवटी एकही न लावता टाकून देता. ‘फायनली, माय सेटअप!’ मग मित्रांचे प्रश्न सुरू. ग्राफिक कार्ड कोणतं? कीबोर्डचे स्विच कोणते? स्पीकर केवढ्याला पडले?

एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. तुमच्या बोर्डाला अर्थिंग आहे का?

हसू आलं ना? मलाही आलं असतं, वर्षभरापूर्वी.

मास कॉमला आम्हाला दहा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम करायचा होता. मोबाइलवर एडिटिंग करून वैतागले होते. घरी हट्ट करून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. अंबड तालुक्यातलं आमचं घर, आणि माझी खोली म्हणजे धान्याच्या कोठीशेजारची छोटी खोली. टेबल मांडलं, साधा माइक जोडला, भावाचे स्पीकर ढापले. फोटो टाकला. मैत्रिणी म्हणाल्या, ‘लै भारी.’ मी हवेत.

मग रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या आवाजाखाली सलग ‘घूंऽऽ’ वाजत होतं, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी सुरू असावी तसं. माइक बदलला, वायर बदलली. सॉफ्टवेअरनं आवाज साफ केला, तर मी डब्यातून बोलतेय असं वाटायला लागलं. एक दिवस अनवाणी बसले होते. हात सहज सीपीयूच्या पत्र्याला लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. गंमत म्हणजे हात लावला की ‘घूं’ बदलायचं.

पप्पांनी वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला, आत टॉर्च मारली आणि म्हणाले, “ताई, भोकं तीन आहेत, वायर दोनच.”

वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हतं! घर बांधताना कुणीतरी वायरचे पैसे वाचवले होते. जालना सळईसाठी ओळखला जातो, आणि आमच्या घराला जमिनीत गाडलेला एक रॉड नव्हता.

ती जाड पिन कामून असते?

थ्री पिन प्लग एकदा नीट बघा. वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. जाड, म्हणजे ती चुकून दुसऱ्या भोकात जाणार नाही. लांब, म्हणजे प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. कॉम्प्युटरला वीज मिळण्याआधी त्याचं जमिनीशी नातं जुळलेलं असतं.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते ही खरखर लोखंडी डब्यावर आणि तिथून अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर ती जाणार कुठे? डब्यावरच बसते. आपल्या 230 व्होल्टच्या लाइनवर अशा डब्यावर जवळपास निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दिसू शकतात. करंट अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात.

पण या मुंग्या म्हणजे नोटीस आहे. उद्या आतली फेजची वायर सुटून डब्याला टेकली तर? अर्थिंग चांगलं असेल तर करंट जमिनीकडे धावतो आणि एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर एमसीबीला काही कळतच नाही. डबा गपचूप ‘लाइव्ह’ होऊन बसतो, कुणीतरी हात लावेपर्यंत. म्हणूनच अर्थिंगच्या जोडीला 30 मिलिअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या. नुसत्या रॉडच्या भरवशावर दर वेळी एमसीबी पडेलच असं नाही. गळती झाली की आरसीसीबी सेकंदाच्या आत लाइन तोडते.

घरी तपासायचं कसं? टेस्टर पत्र्याला लावल्यावर दिवा लागला, तर समजा गडबड आहे. पुढचं काम वायरमनचं, तुमचं नाही. तो मीटर लावून बघेल: फेज आणि अर्थमध्ये साधारण 230 व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. कुणी म्हणालं, ‘न्यूट्रलच अर्थला जोडून देतो, काम होतंय,’ तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खा पत्रा फेजवर येतो.

आणखी एक. जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. आपल्याकडे मार्चनंतर प्यायच्या पाण्याचेच वांधे, खड्ड्यात कोण ओतणार? पण धुण्याभांड्याचं वापरलेलं पाणी तिकडे वळवता येतं.

घरघर थांबवायची, पिन कापायची नाही

अर्थिंग झालं आणि माझ्या रेकॉर्डिंगमधलं ‘घूं’ गेलं. पण काही सेटअपमध्ये अर्थिंग असूनही स्पीकर घुमतात. कॉम्प्युटर एका बोर्डावर, स्पीकरचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि मधे ऑडिओची वायर. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडासा जरी फरक असला तरी त्या वायरमधून नको तो करंट फिरतो आणि स्पीकर तो गाऊन दाखवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

यावर एक ‘जुगाड’ सर्रास सांगितला जातो: अॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाक, आवाज थांबतो. आवाज थांबतो हे खरं. पण आवाजासोबत सुरक्षाही जाते. साधा उपाय आधी करा. दोन्ही प्लग एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावा. तरीही राहिलं तर ऑप्टिकल वायरनं जोडा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूपच होत नाही.

माउस हलवला की हेडफोनमध्ये किर्रकिर्र होतं का? मग दोष अर्थिंगचा नसून बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या साउंडचा असतो. ग्राफिक कार्डाच्या शेजारी बसून त्याला तिथली खरखर ऐकू येते. इथे डॅक कामाला येतो. डॅक म्हणजे आकड्यांतलं गाणं विजेच्या लहरींत बदलणारी डबी. पुण्याच्या सी-डॅकशी तिचं काही नातं नाही! यूएसबीला लागणारा छोटा डोंगलसुद्धा यासाठी पुरतो. आधी हजारो रुपयांची डबी घ्यायची गरज नाही.

मडक्यातला बास

मोठ्यांना वाटतं, हे फॅड आपल्यापासून सुरू झालं. त्यांना मडक्याची आठवण करून द्या. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात गावोगावी पोरं स्पीकर काढून मडक्याच्या तोंडावर बसवायची आणि ‘बघ बास कसा येतो’ म्हणून गल्लीला ऐकवायची. तो सेटअपच होता, आणि शोबाजीही तीच.

ती पोरं चुकत नव्हती. मडक्यातली हवा स्वतःच्या एका खालच्या सुरात घुमते. हे कसं घडतं याचा अभ्यास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच केला होता. तुमच्या डेस्कटॉप स्पीकरच्या मागे किंवा पुढे गोल भोक असतं ना? ते हेच काम करतं. ते भोक मागे असेल तर स्पीकर भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी पुढे घ्या. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर जास्त बास देतो, पण त्यात गाण्याचे शब्द बुडतात.

आता फुकटातल्या सुधारणा बघा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, तिन्ही अंतरं सारखी. स्पीकरचा छोटा, बारीक आवाजाचा भाग कानाच्या उंचीवर आणा. स्टँड नसेल तर खाली एकेक वीट किंवा गेल्या सेमिस्टरची जाड पुस्तकं ठेवा. टेबलाच्या फळीवरून आदळून येणारा आवाज कमी होतो.

मग खोलीच्या मधोमध टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा शेपटीचा आवाज आला तर कोऱ्या भिंती आणि स्लॅब आवाज एकमेकांकडे फेकताहेत. फोमच्या काळ्या टाइल्स मागवण्याआधी आजीची वाकळ मागच्या भिंतीवर टांगून बघा. आपला जिल्हा कापसाचा. जाड वाकळ बारीक आवाज चांगला शोषते. मी माझा कार्यक्रम शेवटी वाकळीसमोर बसूनच रेकॉर्ड केला.

लाइट, धूळ आणि ऊन

शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की गावातला बल्ब डोळे मिचकावतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून ग्राफिक कार्डाआधी यूपीएसचं बजेट काढा. यूपीएसवरचा आकडा व्हीएमध्ये असतो, वॉटमध्ये नाही. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो, तोही काही मिनिटं. तो गेम पूर्ण करायला नसतो, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला असतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो तसाच अॅम्प्लिफायरही गुरगुरू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असतो. तो टाकला की लाइट जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होण्याची शक्यता कमी होते.

मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, मग प्रोसेसर थंड कसा राहणार? तापला की तो आपोआप वेग कमी करतो आणि आपण म्हणतो ‘पीसी स्लो झाला’. सीपीयू कपाटात कोंबू नका. महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशनं धूळ झाडा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. कंपन्यांतून निघालेले जुने ब्रँडेड सीपीयू स्वस्तात मिळतात आणि असतातही दणकट. पण विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. दुकानदार ‘आय फाइव्ह आहे’ म्हणाला की विचारा, कितव्या पिढीचा? जुना असेल तर लिनक्स टाका, पण पैसे जुन्याचेच द्या.

कान सेकंडहँड मिळत नाहीत

कान पुन्हा विकत मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐकण्याच्या चुकीच्या सवयींमुळे जगात 100 कोटींहून जास्त तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे. त्यांचा हिशेब असा: 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास चालतं. 90 डेसिबलला तेवढंच नुकसान फक्त 4 तासांत होतं. आवाज ‘थोडासाच’ वाढवला आणि वेळ दहापट घटला! बाहेर मिरवणुकीचा डीजे सुरू असताना हेडफोनचा आवाज त्याच्यावर नेऊ नका. कानात नीट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात, मग कमी आवाजातही गाणं पूर्ण ऐकू येतं. कानात शिट्टी वाजत राहिली तर त्या दिवसापुरतं सगळं बंद.

तर मग, शोबाजी करायची नाही? करायची! मेहनतीनं जमवलेलं दाखवण्यात लाज कसली. माझ्याही टेबलामागे जांभळी पट्टी आहे. पण पट्टीचे पैसे मी वायरमनकाकांचे पैसे दिल्यावर जे उरले त्यातून दिले. आमच्या घरी आता बोर्डाला तिसरी वायर आहे. कॉम्प्युटरसोबत फ्रिज, मोटार आणि आईच्या मिक्सरलाही तिचा आधार झालाय. सगळ्या खर्चात घरच्यांना पटलेला तेवढा एकच खर्च.

आज घरी गेल्यावर फोटो काढण्याआधी टेबलाखाली वाका. भोकं मोजा. मग वायरमनला बोलावून वायर मोजून घ्या.

फोटो टाकण्याआधी

• बोर्डातली तिसरी वायर आणि आरसीसीबी वायरमनकडून तपासली?
• टू पिन कन्व्हर्टर किंवा कापलेली पिन कुठे वापरात नाही ना?
• कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशनवर आहेत?
• स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे?
• यूपीएस किती वॉटचा, माहीत आहे?
• सीपीयूची धूळ या महिन्यात झाडली?
• घरातल्या लहानग्यांनी सीपीयूला हात लावला तर तुम्ही निवांत असाल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त टाका फोटो.