महाविद्यालयांतील चर्चसहकार्य : म्हैसूरच्या बैठकीपासून आजपर्यंत

महाविद्यालयांच्या आवारात निरनिराळ्या ख्रिस्ती चर्चसंस्थांनी एकत्र येऊन काम करण्याची प्रथा भारतात शंभर वर्षांहून जुनी आहे. डिसेंबर १९२८ मध्ये म्हैसूर येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाच्या सर्वसाधारण समितीची बैठक झाली, तेव्हा या प्रथेचे आंतरराष्ट्रीय स्वरूप भारतीयांसमोर आले. म्हैसूर विद्यापीठ त्या वेळी अवघे बारा वर्षांचे होते.

या सहकार्याचे मूळ एका व्यावहारिक अडचणीत आहे. प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. म्हैसूर संस्थानात वेस्लियन मेथडिस्ट मिशनचे काम मोठे होते. महाराष्ट्रात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसर अमेरिकन मराठी मिशनकडे, तर नागपूर स्कॉटिश मिशनकडे होते. त्यामुळे खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबाला आपल्याखेरीज दुसरी उपासनापद्धती ठाऊक असण्याचे कारण नसे. त्या घरातील मुलगा शहरात शिकायला आला की वसतिगृहात त्याची गाठ पडे ती मेथडिस्ट, अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन मुलांशी. प्रत्येक पंथाचे दोन-चार विद्यार्थी असताना स्वतंत्र प्रार्थनामंडळे चालवणे शक्यच नव्हते. धर्मपंडितांची बोलणी सुरू होण्याआधीच विद्यार्थी एकत्र बसू लागले होते, ही बाब चर्चच्या इतिहासात फारशी ठळकपणे मांडली जात नाही.

महासंघाची स्थापना १८९५ मध्ये स्वीडनमधील वाडस्टेना येथे झाली. तिचे प्रमुख सूत्रधार अमेरिकेचे जॉन मॉट यांना पुढे १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात विद्यार्थ्यांची अशी चळवळ १९१२ मध्ये संघटित झाली. या वर्तुळात तयार झालेल्या तरुणांमधूनच चर्चच्या एकीकरणाचे नेते पुढे आले. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे चिटणीस राहिलेले व्ही. एस. अझरिया १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि १९१९ मध्ये तरंगमबाडी येथील एकीकरणाच्या बोलण्यांत त्यांनी पुढाकार घेतला.

म्हैसूरच्या बैठकीला आणखी एक पार्श्वभूमी होती. महासंघाने १९२२ मध्ये पेकिंग येथे परिषद भरवली, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. परकीय सत्ता आणि धर्मप्रसार यांचे नाते काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो भारतालाही तितकाच लागू होता. म्हैसूर येथे मॉट यांनी अध्यक्षपद सोडले व फ्रान्सिस मिलर यांची निवड झाली. त्यानंतर १९२९ मध्ये मॉट यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. पुढे १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे दोघांची पुन्हा चर्चा झाली. सेवेच्या आडून धर्मांतर करण्यास गांधीजींचा आक्षेप होता आणि तो त्यांनी मॉट यांच्यापुढे स्पष्टपणे मांडला.

अँग्लिकन, मेथडिस्ट आणि दक्षिण भारत संयुक्त चर्च यांच्या विलीनीकरणातून २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. उत्तरेकडील एकीकरण नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी घडून आले.

तरीही विद्यार्थ्यांमधील काम एकाच छत्राखाली आले नाही. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट सर्व पंथांना सामावून घेते व सामाजिक प्रश्नांवर भर देते. १९५४ मध्ये स्थापन झालेली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया बायबल-अभ्यास आणि वैयक्तिक श्रद्धेला अग्रक्रम देते. कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय महासंघ १९२४ पासून आहे. मात्र इतर पंथीयांसह प्रार्थना करण्याचा मार्ग कॅथलिकांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या आदेशानंतरच मोकळा झाला.

रक्तदान, नाताळची गीते, वसतिगृहातील अभ्यासवर्ग येथवर सहकार्य सहज चालते. अडचण येते ती एखाद्या विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा व्यक्त केल्यावर. तो कोणत्या चर्चमध्ये द्यावा, आणि बालपणी बाप्तिस्मा झालेल्याला तो पुन्हा द्यावा काय, यावर काही पंथांचे मतभेद मूलभूत आहेत. शिवाय कॅथलिक मिस्सामध्ये इतर पंथीयांना सर्वसाधारणपणे ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. एकत्र काम करणाऱ्या संस्था याविषयी आधीच समझोता करीत नसतील, तर सहकार्य फार काळ टिकत नाही.

कायद्याची चौकट याहून स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे. परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. अनुच्छेद २८ अन्वये संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य अथवा अनुदानित संस्थेत, मग ती सेंट फिलोमिना महाविद्यालयासारखी ख्रिस्ती संस्था का असेना, विद्यार्थ्याच्या आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून त्याला प्रार्थनेस बसवता येत नाही. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा करण्यात आला. नव्या मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. संमतीविषयीची घटनात्मक अट मात्र राज्याच्या कायद्यावर अवलंबून नाही.