तालीम उघड्यावर

(रंगमंच गावाचा : लेखांक ९)

या आठवड्यात पैशांविषयी लिहायचं ठरलं होतं. तिकिटाचा गल्ला कोणाच्या हाती राहतो, अनुदान कोणाच्या नावावर येतं, हे सगळं. ते आता पुढच्या वेळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या विचारतात, केनियातल्या कामिरीथू गावचं नाटक दोन शिकलेल्या माणसांनी लिहिलं, मग ते गावाचं कसं? गावाने नुसता सल्ला दिला, असं का म्हणू नये?

प्रश्न नेमका आहे. सल्ला मागणारा माणूस तो सल्ला बाजूलाही ठेवू शकतो. अधिकार दिला की ती सोय राहत नाही. मग लिमुरूजवळच्या या केनियन गावात काय दिलं गेलं?

पहिली गोष्ट, बोलावणं गावाकडून आलं. १९७६ साली गावातली एक बाई लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या दारात येऊन उभी राहिली. एवढं शिकलात, पुस्तकं लिहिता, त्यातलं काही गावाला का देत नाही, असं तिने तोंडावर विचारलं आणि पुढच्या रविवारीही ती आली. आधी साक्षरतेचे वर्ग निघाले, नाटक नंतर. हे सगळं चालवणाऱ्या गावच्या शिक्षण-सांस्कृतिक केंद्राची समिती होती मुख्यतः शेतकऱ्यांची आणि कामगारांची. नाटक लिहायचं काम या समितीने दोघा न्गुगींवर सोपवलं. दुसरे न्गुगी वा मिरी.

दुसरी गोष्ट भाषेची. थिओंगोंच्या तोवरच्या कादंबऱ्या इंग्रजीत होत्या. हे नाटक गिकुयूत, म्हणजे गावाच्या भाषेत, लिहायचं ठरलं आणि तिथेच पारडं फिरलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी कोणती भाषा शोभते, कोणत्या विधीत कोणतं गाणं येतं, हे गाव सांगू लागलं. जवळच्या बुटांच्या कारखान्यातल्या कामगारांनी आपल्या श्रमातून मालकाला किती मिळतं आणि आपल्या हाती किती पडतं, याचा हिशेब मांडून दाखवला. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडातल्या लढवय्यांसाठी गावठी बंदुका बनवणाऱ्या माणसानेच नाटकातली खोटी बंदूक घडवली. या बाबतीत लेखक गावाचं म्हणणं डावलणार तरी कशाच्या जोरावर? जाणकार गावकरी होते, शिकणारे लेखक.

आता माझ्या आवडत्या मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे तालीम. आपल्याकडे तालमीच्या खोलीचं दार लावून घ्यायची रीत आहे. नटाला चुकायला आडोसा हवा, हे त्यामागचं कारण मला मान्य आहे. पण बंद दारामागे आणखी एक गोष्ट घडते. प्रेक्षकाच्या हाती पडतं ते पुरं झालेलं काम, आणि मग टाळ्या वाजवणं किंवा उठून जाणं एवढंच त्याला उरतं. कामिरीथूत नटांची निवड चारचौघांत झाली. तालमी शनिवार-रविवारी दुपारी उघड्यावर चालत, म्हणजे गावाची कामं सांभाळून. येणारा-जाणारा थांबे, चूक दिसली की बोले, करून दाखवी. प्रयोग लागेपर्यंत कित्येकांना संवाद पाठ झाले होते. दिग्दर्शक किमानी गेचाऊ यांचं काम यामुळे कमी झालं नाही, उलट वाढलं. प्रत्येक निर्णय सगळ्यांसमोर घ्यायचा आणि त्याचं कारणही सांगायचं, हे फार अवघड असतं. माझ्या मते सत्तेची वाटणी खरी होते ती इथे, काम अर्धवट असताना. पुरं झाल्यावर वाटायला उरतं ते श्रेय.

श्रेयाबाबत मात्र शिक्षिकाबाईंचा आक्षेप खरा आहे. छापील नाटकावर नावं दोघांचीच आहेत.

तरीही नाटक कोणाचं, याचं उत्तर सरकारच्या वागण्यातून मिळतं. ‘न्गाहिका न्देंदा’, म्हणजे ‘मला हवं तेव्हा मी लग्न करीन’, हे नाटक २ ऑक्टोबर १९७७ रोजी रंगमंचावर आलं. १६ नोव्हेंबरला परवाना रद्द झाला. ३१ डिसेंबरला थिओंगोंना पकडलं आणि खटला न चालवता जवळपास वर्षभर डांबून ठेवलं. लेखक उचलला की नाटक थांबेल, असा हिशेब असावा. पण ते सुटून आल्यावर गावकऱ्यांनी त्यांच्यासोबत नवं नाटक तालमीला घेतलं. मार्च १९८२ मध्ये सरकारने केंद्राची नोंदणीच रद्द केली आणि पोलीस पाठवून गावकऱ्यांनी स्वतः उभारलेलं, दोन हजारांवर माणसं बसतील असं उघडं नाट्यगृह पाडून टाकलं. या खेपेला घाव लेखकावर न घालता गावाच्या जागेवर घातला. नाटकाचं बळ कुठे आहे, हे तोवर सरकारलाही कळून चुकलं होतं.

पुढच्या आठवड्यात गल्ला आणि अनुदान, नक्की.