सर्क्युलर आरएनए आणि मूत्रपिंडाचे आजार

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर अनेकदा मूत्रपिंडांची निम्मी क्षमता गेलेली असते. म्हणून संशोधकांचे लक्ष सर्क्युलर आरएनएकडे वळले. साध्या आरएनएला दोन टोके असतात. बरीच विकरे त्याला टोकापासून तोडत जातात. हा बांगडीसारखा बंद, म्हणून जास्त टिकतो आणि रक्तात, लघवीतही सापडतो. मधुमेहामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा त्यावरून लवकर ओळखता येईल का, यावर अभ्यास सुरू आहे. नेहमीच्या उपचारात ही तपासणी अजून नाही. कुणी महागडे पॅकेज सुचवले तर पैसे घालू नका. देहूरोड-चाकण पट्ट्यात शिफ्टमध्ये काम करता आणि मधुमेह किंवा रक्तदाब आहे? वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनानेच घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.