आभाळातून पडलेलं कडं

२ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा आठवतोय? संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून एक पेटती रेघ सरकत गेली आणि ग्रुपवर उल्का, मिसाईल, एलियन सगळं येऊन गेलं. इकडे चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं! पोलिसांनी ते ताब्यात घेतलं, मग इस्रोचे शास्त्रज्ञ तपासणीला आले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा टप्पा.

ही ओळख पटते ती वेळ, दिशा आणि वेगावरून. उल्का बहुतेकदा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून घसरलेला कचरा सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उल्केहून बराच सावकाश येतो आणि तुकडे होत मिनिटभरही दिसतो. म्हणून पुढच्या वेळी व्हिडीओत एखादं झाड, इमारत येऊ द्या, वेळ नोंदवा. (किंचाळणं थोडं कमी चालेल.) तुकडा सापडलाच तर हात लावू नका, त्यावर विषारी इंधन असू शकतं.

आणि कुणाचं घर फुटलं असतं तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची. पण रॉकेट त्याचंच, हे आधी दाखवावं लागतं. तिथे तुमचा तो हलता व्हिडीओही कामाला येतो.